दुरुस्तीची दहा मिनिटे

मेजर प्रमिला रणनवरे यांनी आयुष्यात स्वतःचा एकही शोधनिबंध सादर केला नाही. तरीही उत्तर विभागाच्या बायबल-अभ्यास परिषदेची पहिली दहा मिनिटे त्यांची असतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रार्थना आणि स्वागत यांच्यानंतर, बीजभाषणाच्या आधी, एवढीच नोंद असते: दुरुस्त्या. ती तिथे कशी आली हे नव्या विद्यार्थ्यांना माहीत नसते. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सहकारी सोसायटीत त्या तळमजल्यावर राहत, आम्ही तिसऱ्या. मी नोएडात एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काम करतो. त्या लष्करी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, हुद्दा मेजर. मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. वडील गावच्या मिशन शाळेत मास्तर. सोसायटीतली मुले त्यांना मेजर आंटी म्हणत. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सांगितले, "ताई म्हण, बाई म्हण, नुसतं मेजर म्हण. आंटी म्हणू नकोस. निदान मराठी माणसाने तरी."

उंची बेताची, आवाज उंचीपेक्षा मोठा. फिकट सुती साडी, आणि डाव्या खांद्याशी पदराला टाचलेले छोटे घड्याळ. ते उलटे लटकत असे. समोरच्याला वेळ उलटी दिसायची, त्यांना सुलटी. नाडी मोजताना दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून परिचारिकांची घड्याळे अशी असतात, हे मला त्यांच्याकडून कळले. नाडी मोजणे संपून बरीच वर्षे झाली होती. घड्याळ जागेवर होते.

माझी आई आजारी असताना त्या सकाळ-संध्याकाळ वर यायच्या. औषधाची पट्टी हातात घेतली की नाव, मात्रा, मुदत मोठ्याने वाचायच्या. गोळी तळहातावर काढली की पुन्हा वाचायच्या. पट्टी डब्यात ठेवताना तिसऱ्यांदा. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, कालचीच पट्टी आहे ती. पाठ झाली असेल आता."

"पाठ झाली म्हणूनच वाचते," मेजर म्हणाल्या. "पाठ झालं की डोळे बघायचं सोडतात."

निवृत्तीनंतर त्यांनी टपालाने ईश्वरशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला. का, असे मी एकदा विचारले होते. उत्तर आले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून औषधं दिली. म्हटलं, आता मूळ चिठ्ठी वाचून बघू." अभ्यासक्रम झाला आणि परिषदेचे बोलावणे आले. नोएडातल्या एका ईश्वरशास्त्र महाविद्यालयात दर हिवाळ्यात दोन दिवस ही परिषद भरते. पंजाबपासून झारखंडपर्यंतचे प्राध्यापक आणि विद्यार्थी येतात, पन्नास-साठ जण. ओळखीचे बॅनर, स्टीलच्या थर्मासमधला चहा, वीस-वीस मिनिटांचे निबंध, दहा मिनिटे प्रश्न. विद्यार्थ्यांचे सत्र पहिल्या दिवशी दुपारी. त्यातला एक निबंध निवडून दक्षिणेत भरणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला पाठवतात. तिथे वाचलेल्या निबंधाला वजन असते. पुढे संशोधनाला प्रवेश हवा असेल, तर ते नाव अर्जावर लिहिता येते.

या सत्रात कोणालाही नको असलेले एक काम होते. प्रत्येक निबंधातले बायबलचे संदर्भ तपासून दोन मिनिटांत अहवाल द्यायचा. ते मेजरना मिळाले. वेळ पाळायची घंटाही त्यांच्याकडेच आली, कारण घड्याळ त्यांच्याकडे होते.

त्यांनी ते काम वॉर्डासारखे केले. निबंध आठवडाभर आधी मागवायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मराठी शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, एक फूटपट्टी आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. संदर्भ वाचला, पान उघडले, वचनावर फूटपट्टी ठेवली, मग निबंधाच्या समासात बारीक खूण. पुस्तक, अध्याय, वचन. पुन्हा पुस्तक, अध्याय, वचन. विद्यार्थी त्यांना घाबरत. ज्याने संदर्भ दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला असे, तो हमखास सापडे. त्याला त्या एकच प्रश्न विचारत, मराठी असो, मिझो असो की मल्याळी: "खोलके देखा था?"  आमच्या डेस्कवर नव्या उपसंपादकांना मी हाच प्रश्न विचारतो. कोणाचा आहे ते सांगत नाही.

त्या वर्षी त्यांच्याकडे निबंधांच्या दोन जड पिशव्या होत्या आणि माझी साप्ताहिक सुटी होती. "चल, तुझी बातमी होते का बघ," म्हणाल्या. बातमी होणार नव्हती, पण मी गेलो आणि मागच्या रांगेत बसलो.

चौथा निबंध सलोमी किंडोचा होता. झारखंडची, एम.टीएच. या ईश्वरशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला, आवाज इतका हळू की माइक असून मागे कान द्यावे लागत. विषय होता एका स्तोत्रातली तहान. स्तोत्र म्हणजे बायबलमधले गीत; त्याच्या आकडे घातलेल्या ओळी म्हणजे वचने. तिच्या गावी उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी किती लांब जातात तिथून तिने सुरुवात केली आणि त्या गीतातल्या तहानेपर्यंत आली. मला विषयातले काही कळत नाही, पण वीस मिनिटांत सभागृहात कोणी मोबाइल काढला नाही, एवढे मी टिपले. शेजारचे दोन प्राध्यापक एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

मेजर उठल्या. कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"संदर्भ नऊ. नऊच्या नऊ चूक," त्या हिंदीत म्हणाल्या. "पहिलं वचन म्हणायचं तिथे दुसरं म्हटलंय, दुसऱ्याला तिसरं. शेवटी बाराव्या वचनाचा हवाला आहे. या स्तोत्रात वचनं अकरा आहेत. बारावं कुठून आणलं?"

सभागृहात हशा पिकला.

"आकडा नीट उतरवता येत नसेल, तर निष्कर्ष नीट काढलाय हे आम्ही कशावरून मानायचं?"

सलोमीने माइक हातात घेतला. "मॅडम, वो…"

मेजरनी खांद्यावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि घंटा वाजवली. दोन मिनिटे झाली होती. नियम सगळ्यांना सारखा होता. पाचवा विद्यार्थी उठला. सलोमी कागद गोळा करून जागेवर जाऊन बसली.

पाच वाजता आम्ही निघालो. लिंक रोडला लागलो. मेजर म्हणाल्या, "वॉर्डात वीस पेशंट आहेत. सकाळी सगळ्यांचा ताप कालच्यापेक्षा एकेक अंशाने जास्त. बरोबर एकेक. काय करशील?"

"डॉक्टरांना बोलवीन."

"थर्मामीटर बदलायचा." मग म्हणाल्या, "गाडी वळव."

"ताई, इथून वळता येत नाही."

"मग जिथून येईल तिथून वळव."

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिवे चालू होते. ग्रंथपाल कुलूप हातात घेऊन उभे होते. मेजरना पाहून त्यांनी कुलूप परत टेबलावर ठेवले. मेजरनी हिब्रू बायबल मागितले. तोवर त्यांना हिब्रूचे एक अक्षर येत नव्हते. तपासणी सगळी मराठी शास्त्रावर चाले, आणि तसे तपासणे चुकीचे आहे असे इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुस्तक आले. अक्षरे परकी, पण वचनांचे आकडे ओळखीचे. शेवटचा आकडा बारा होता.

कोपऱ्यात एक मिझो विद्यार्थी टिपणे काढत होता. त्याला त्यांनी बोलावले आणि 'एक' या आकड्यावर बोट ठेवले. "यहाँ क्या लिखा है?"

"टायटल है, मॅडम. गानेवालों के लिए है, किसने लिखा है, वो सब."

"टायटल पे नंबर?"

"हिब्रू में टायटल ही वर्स वन है. कई स्तोत्रों में ऐसा है." मग जरा बावरून, "मॅडम, ये तो फर्स्ट इयर में पढ़ाते हैं."

मराठी शास्त्रात ते शीर्षक वर बारीक अक्षरात असते, त्याला आकडा नसतो. हिब्रूत तेच पहिले वचन, म्हणून पुढचे सगळे आकडे एकेकाने सरकतात. सलोमीने मूळ हिब्रूवरून काम केले होते. नऊच्या नऊ संदर्भ बरोबर होते. सभागृहात हिब्रू येणारे वीस तरी लोक होते. त्यांच्यापैकी एकानेही उघडून पाहिले नव्हते.

मेजरनी सलोमीला बोलावणे पाठवले. ती मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. परतताना मयूर विहार येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या: "उद्या साडेआठला निघू."

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या अध्यक्षांना त्यांनी व्हरांड्यातच गाठले. अध्यक्ष सौम्य गृहस्थ, पंचवीस वर्षे शिकवलेले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अरे मेजर, होतं असं. समितीत सांगून टाकू, बस. हॉलमध्ये कशाला?"

"चूक हॉलमध्ये झाली. समितीत दुरुस्त केली तर हॉलला कशी कळणार?"

"आणखी एक आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला. "नाव काल संध्याकाळीच मेल केलं. तुमच्या अहवालानंतर तिचा निबंध बाजूला पडला. आता बदलता येणार नाही."

 मेजरनी पदरावरचे घड्याळ मुठीत धरले. मग म्हणाल्या, "मला दहा मिनिटं द्या. पहिली."

मी पत्रकार परिषदा पुष्कळ पाहिल्या आहेत. मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या, कंपन्यांच्या. चूक झाली असे म्हणताना माणसे कर्ता गाळतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. त्या सकाळी मेजर माइकसमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वाक्यात कर्ता होता. रुग्णालयात चुकीचे औषध दिले गेले तर जो अहवाल लिहायचा असतो, त्याच क्रमाने त्या बोलल्या. वेळ: काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. ठिकाण: हेच सभागृह. काय केले: नऊ बरोबर संदर्भ मी चूक ठरवले. कसे लक्षात आले: सगळे एकाच अंतराने चुकले होते. कारण: मला हिब्रू येत नाही. हानी: सलोमी किंडो हिची राष्ट्रीय परिषदेतली जागा. ती परत देता येत नाही. उपाय: मी हिब्रू शिकेन.

मग त्या सलोमीकडे वळून म्हणाल्या, "बारावं वचन आहे. मी काल विचारलं होतं, कुठून आणलं. आहे ते."

कोणी हसले नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. सलोमी खाली पाहत होती. मेजरनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या बांधणीची एक नवी वही काढली. रकाने आखलेले होते. पहिली नोंद त्यांनी तिथेच उभ्याने मराठीत लिहिली, सही केली आणि वही टेबलावर ठेवली.

हिब्रूच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात त्या बसू लागल्या तेव्हा वर्गात त्यांच्या खालोखाल वय असलेल्या विद्यार्थ्यापेक्षा सदतीस वर्षांनी मोठ्या होत्या. मेट्रोत अक्षरांचे पत्ते पिसत जायच्या. घरात डब्यांवर हिब्रू चिठ्ठ्या लागल्या: साखर, मीठ, तांदूळ. घरकामाला येणाऱ्या शबनमबाईंनी महिनाभर पाहिले आणि विचारले, "मेजर साब, ये उर्दू तो नहीं है?"

"नहीं."

"मगर पढ़ती तो आप उधर से ही हैं," शबनमबाई उजवीकडे हात करून म्हणाल्या, आणि तेव्हापासून, वाचनाचा वेग वाढावा म्हणून, त्या भांडी घासत असताना मेजर त्यांना रोज सकाळी धडा वाचून दाखवू लागल्या. पहिल्या चाचणीत मेजर नापास झाल्या. ते त्यांनी सोसायटीच्या गेटवर, कोणी विचारले नसताना, मला आणि वॉचमनला सांगितले. तिसऱ्या चाचणीत वर्गात पहिल्या आल्या. तेही सांगितले, त्याच आवाजात.

पुढच्या वर्षी सलोमीने नवा निबंध पाठवला. मेजरनी त्याला हात लावला नाही. "तिच्याबाबत माझा हात आता सरळ राहिलेला नाही," त्यांनी अध्यक्षांना कळवले. "दुसऱ्याकडून तपासा." दुसऱ्याने तपासला. निबंध निवडला गेला. त्या वर्षी सुरुवातीची दहा मिनिटे पुन्हा मेजरनी मागून घेतली, कारण आदल्या वर्षी त्यांनी कोणाचा तरी पानक्रमांक चुकीचा सांगितला होता. त्या खाली बसल्या आणि जालंधरचे एक वृद्ध प्राध्यापक काठी टेकत उठले. गेली अनेक वर्षे एक मत ते चुकीच्या विद्वानाच्या नावावर शिकवत आले होते. वहीत दुसऱ्या माणसाची पहिली सही पडली.

त्यानंतर दर वर्षी रांग लागू लागली. एकदा एका नामांकित पाहुण्या वक्त्याला या प्रथेची नीट कल्पना नव्हती. ही कबुलीची प्रार्थना असावी असे समजून ते माइकसमोर आले, डोळे मिटले, आणि आपला संतापी स्वभाव, पत्नीशी बोललेले कठोर शब्द, असे सांगू लागले. सभागृह गंभीर झाले. मेजरनी घंटा वाजवली.

"सर, पाप नहीं," त्या म्हणाल्या. "पेज नंबर."

त्यांनी डोळे उघडले, थोडा विचार केला आणि एक पान क्रमांक सांगितला. त्यांच्या पत्नी तिसऱ्या रांगेत होत्या, जेवणाच्या वेळी त्या मेजरना म्हणाल्या, "दोन मिनिटं अजून दिली असतीत तर बरं झालं असतं."

इतर विभागांतून येणारे लोक ही वही बघायला मागतात. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझ्यादेखत म्हटले की या परिषदेचे निबंध इतर कुठल्याही परिषदेपेक्षा थोर असतील असे नाही, पण त्यातले आकडे डोळे मिटून घ्यावेत. मेजर शेजारीच होत्या. "डोळे मिटून नका घेऊ," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी परतताना गाडीत त्यांनी ते वाक्य मला दोनदा सांगायला लावले. तिसऱ्यांदा स्वतः म्हटले.

गेल्या हिवाळ्यात त्यांची शेवटची परिषद झाली. गुडघे आणि डोळे दोन्ही साथ सोडत होते. धाकटी बहीण अहिल्यानगरला होती, तिच्याकडे कायमचे जायचे ठरले होते. घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या शबनमबाईंनी मागून घेतल्या होत्या. सलोमी आता त्याच महाविद्यालयात हिब्रू शिकवते. विद्यार्थ्यांचे सत्र तिच्याकडे, वही तिच्याकडे, घंटाही तिच्याकडे. तिचा आवाज आता मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

दुरुस्त्यांना सुरुवात झाली. सात-आठ जण बोलून गेले. मेजर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. मग सलोमी स्वतः माइकसमोर आली.

"एक दुरुस्ती मेरी भी है," ती म्हणाली. "पुरानी है."

तिने नव्या विद्यार्थ्यांसाठी त्या दुपारची हकीकत थोडक्यात सांगितली. नऊ संदर्भ, बारावे वचन, हशा. मग हिंदीतच पुढे म्हणाली, "मला माहीत होतं. नऊही बरोबर आहेत हे मला तिथे उभं असतानाच माहीत होतं. मी गप्प बसले. संध्याकाळीही कोणाकडे गेले नाही. चुकीची गोष्ट सभागृहात तशीच राहू दिली. माझी नोंद करायची आहे." तिने वही उघडली.

"ये नहीं लिखना," मेजर जागेवरूनच म्हणाल्या.

"क्यों, मॅडम?"

"तू बोलायला लागली होतीस. 'मॅडम, वो' इतकं मी ऐकलं. घंटा माझ्या हातात होती." मग हात पुढे केला. "पहिलं पान दे."

सलोमी खाली उतरली आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मेजरनी भिंग काढले. पहिल्या नोंदीतल्या एकेका रकान्यावरून भिंग सरकत गेले. 'कारण' या रकान्याशी थांबले. तिथे त्यांच्याच अक्षरात होते: हिब्रू येत नाही.

"हे कारण नव्हतं," त्या मला म्हणाल्या, मराठीत, हळू. "हिब्रू न येता विचारता आलं असतं."

त्यांनी पेन मागितले. अक्षर आता मोठे आणि थोडे तिरके येत होते. एकेक शब्द लिहून त्या तो भिंगाखाली पुन्हा वाचत होत्या, पट्टीवरचे औषधाचे नाव वाचावे तसा. खाली उरलेल्या अर्ध्या ओळीत त्यांनी लिहिले: विद्यार्थिनी बोलू लागली होती. मी ऐकले नाही. मग सही. मग वेळ लिहायची म्हणून पदरावरचे घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेले, आकडा दिसेना, भिंग लावले, पुन्हा पाहिले.

दहा मिनिटे कधीच होऊन गेली होती. बीजभाषणाचे पाहुणे कागद हातात घेऊन उभे होते, पन्नास-साठ माणसे बसून होती. घंटा सलोमीच्या हातात होती. तिने ती वाजवली नाही.